हलू नका, तात्या

माईंचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गात टेबलावर एक पितळी तांब्या, दोन वांगी आणि एक अर्धवट उघडलेली छत्री मांडत होते. वस्तुचित्राचा तास होता. माई, माझ्या सासूबाई, स्वतःहून कधी फोन करत नाहीत. फोन हे यंत्र दुसऱ्यांनी केलेले फोन घेण्यासाठी घरात ठेवायचं असतं, असं त्यांचं मत आहे. त्यामुळे पडद्यावर 'घर' दिसलं तेव्हा मला वाटलं, तात्याच असणार, 'आज येऊ काय?' असं विचारायला. पण आवाज माईंचा होता. "वैशाली," त्या म्हणाल्या, "हे खुर्चीत बसलेत आणि हलत नाहीत गो..."

मला अर्थ लागायला वेळ लागला. कारण गेलं दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, मी या माणसाला, माझ्या सख्ख्या सासऱ्यांना, भर वर्गात एकच गोष्ट बजावत आले होते: तात्या, हलू नका. आणि या दीड वर्षात एकदाही, अगदी चुकूनसुद्धा, त्यांनी माझं ऐकलं नव्हतं. त्यामुळे ते हलत नाहीत हे ऐकून पहिल्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहायला नको, पण लिहिते. मला वाटलं, चला, जमलं एकदाचं. दुसऱ्या क्षणी हातातलं वांगं खाली पडलं आणि मी चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती.

तात्या एसटीत कंडक्टर होते. नोकरीतली बहुतेक वर्षं रत्नागिरी-देवरूख मार्गावर गेली. निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, पण शरीर काही निवृत्त झालं नव्हतं. ते कधी बसायचेच नाहीत. पेपर उभ्याने वाचायचे, चहा उभ्याने प्यायचे, टीव्हीवरच्या बातम्या दाराच्या चौकटीला पाठ टेकून, दोन पायांत अंतर ठेवून बघायचे. जणू आत्ता घर वळण घेणार आहे आणि आपला तोल जाता कामा नये. मी लग्न होऊन कोल्हापूरहून रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, माझे सासरे कुठेतरी निघालेत आणि माझ्यामुळे खोळंबलेत. मी माईंना हळूच विचारलं, तर त्या म्हणाल्या, "लग्नात सगळेच उभे असतात, म्हणून मला तेव्हा काही कळलं नाही. पंगतीत वाढायला फिरायला लागले तेव्हा कळलं."

माझा नवरा पोफळीला वीजकेंद्रात, घरी शनिवार-रविवार. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही तिघंच. मी इथल्याच एका शाळेत चित्रकला शिक्षिका म्हणून लागले. चित्रकलेचा तास म्हणजे काय, हे शाळेत गेलेल्या कुणालाही सांगायला नको. गणिताचा भाग मागे पडला की गणिताच्या बाई दारात येऊन गोड हसतात आणि चित्रकलेची शिक्षिका खडू गोळा करून निघते. अशी काही वर्षं मी गोड हसू झेलत काढली. मग शाळेने नववी-दहावीला चित्रकला हा ऐच्छिक विषय म्हणून ठेवायचं ठरवलं. संगणक किंवा चित्रकला, दोन्हींपैकी एक. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एक वर्ष बघू. मुलं टिकली तर विषय टिकेल." विषय टिकला तर मी टिकेन, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला ऐकू आलं.

मी घरी येऊन उत्साहाने सांगितलं, तर तात्यांनी चौकटीला टेकूनच विचारलं, "ऐच्छिक म्हणजे काय गो?"

"म्हणजे ज्याची इच्छा असेल त्याने चित्रकला घ्यायची."

"आणि ज्याची नाय त्यानं?"

"त्याने संगणक."

तात्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे सक्तीचाच झाला की ता. ह्या नायतर त्या."

पहिल्या वर्षी नऊ मुलं आली. त्यातली निम्मी संगणकाच्या खोलीतला पंखा बंद असल्यामुळे आली होती, हे मला नंतर समजलं. पण झोया नावाची एक मुलगी खरोखर स्वतःच्या इच्छेने आली होती. तिचे वडील कुवेतला, घर राजिवड्याकडे, आणि स्वभाव असा की कुठल्याही वस्तूकडे, माणसाकडे, बघायला लागली की ती वस्तू आणि ते माणूस अवघडायचं. दुसरा सोहम. त्याच्या घरची आंब्याची बाग. तो पंख्यावाल्यांपैकी, पण हात चांगला होता.

आता मुलांना वस्तू काढता येतात, पानं-फुलं काढता येतात, पण बसलेलं माणूस काढायचं तर समोर बसलेलं माणूस लागतं. मी शाळेच्या शिपायाला राजी केलं होतं. नेमका तो त्या दिवशी रजेवर गेला. मुलं पेन्सिली तासून तयार, खुर्ची रिकामी, आणि मी डोक्याला हात लावून उभी. तेवढ्यात दारात तात्या. मी घरी विसरलेला डबा घेऊन आले होते.

"तात्या," मी म्हटलं, "पाऊण तास जरा बसता का?"

"कशाला?"

"नुसतं बसायचंय. ही मुलं तुमचं चित्र काढतील."

"नुसता बसायचा? काय करायचा नाय?"

"काही नाही. फक्त हलायचं नाही."

तात्यांनी खुर्चीकडे बघितलं, मुलांकडे बघितलं आणि म्हणाले, "आणि ह्याला विषय म्हणतात?" पण बसले. डबा मांडीवर ठेवून, पाठ ताठ, नजर समोर. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं फार टिकलं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलाला त्यांनी विचारलं, "तू कुठला रे?" तो साखरप्याकडचा निघाला. मग त्याच्या आजोबांचं नाव काय, ते अजून असतात काय, त्यांच्या पायाचं काय झालं. मग दुसऱ्या बाकाकडे वळले, म्हणजे खरोखरच वळले, आणि मुलांनी काढलेले खांदे खोडरबराखाली गेले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला की मान खिडकीकडे. मी म्हणायचे, तात्या, हलू नका. ते म्हणायचे, नाय हललो, नुसता बघितला. शेवटी उन्हं खिडकीतून आत आली आणि तात्या झोपले. मुलांनी हुश्श केलं आणि भराभर उघड्या तोंडाचे तात्या काढून टाकले.

तास संपल्यावर ते उठून बाकांमधून फिरत एकेक चित्र बघायला लागले. सोहमच्या कागदापाशी थांबले.

"ह्या कोण?"

"तुम्ही, आजोबा."

"माझे पाय कुठं हायत?"

"कागद संपला."

"मग मी घरी कसा जाऊ?"

पुढे झोया. तिच्या कागदावर त्यांच्या गालावरची चामखीळ होती, आणि चामखिळीवरचे दोन केसही होते. तात्या वाकून बराच वेळ बघत राहिले. "ही कशाला काढलीस?"

"आहे म्हणून," झोया म्हणाली.

घरी आल्यावर तात्या थेट न्हाणीघराच्या आरशासमोर गेले. माई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "मी लग्नापासून बघतेय तीच. आज तुम्हाला दिसली होय?"

मला वाटलं, प्रकरण इथेच संपलं. पण पुढच्या तासाला मी वर्गात शिरले तर तात्या आधीच हजर. दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री, आणि केस... काळेभोर. मागच्या तासाची चित्रं अपुरी होती, तीच आज पुरी करायची होती. वर्गात गोंधळ उडाला. सोहम उभा राहून म्हणाला, "बाई, आता काळे करायचे की पांढरे ठेवायचे?" एक गट म्हणाला, मागच्या वेळी दिसले तसेच ठेवायचे. दुसरा म्हणाला, समोर दिसतं तेच काढायचं असं बाईंनीच शिकवलंय. झोयाने काही न विचारता वर काळे आणि कानापाशी पांढरे काढले, कारण माईंकडून डाय लावून घेताना त्यांनी घाई केली होती आणि कानापाशी ते खरोखरच पांढरे राहिले होते. शेवटी तात्यांनी खिशातून टोपी काढून घातली. मग टोपी काढायची की केस, यावर नवी चर्चा सुरू झाली.

तेव्हापासून तात्या आमच्या वर्गाचे झाले. मंगळवार आणि शुक्रवार, जेवण झालं की निघायचे. स्टँडवर जुने सहकारी भेटायचे, हल्ली काय करता विचारायचे, तर तात्या सांगायचे, "शाळेत असतो." काय शिकवता? "चित्रकला विभाग." खोटं त्यात एका शब्दाचंही नव्हतं. एका ड्रायव्हरने तर मला रस्त्यात गाठून, तात्यांच्या ओळखीने मुलाला शाळेत प्रवेश मिळेल का, असं विचारलं.

खरी पंचाईत चित्रं तपासताना व्हायची. मी रात्रीची जेवणं आटोपून कागद पसरले की तात्या माझ्या पाठीमागे येऊन उभे. "ह्याला एवढेच? ह्यानं कॉलर बघ कशी काढलान, इस्तरी कळते त्यात." मी म्हणायचे, तात्या, मान कुठाय? "मान काय, कॉलरीत असते." ज्याने त्यांना जरा रुबाबदार काढलंय त्याला जास्त गुण, असा त्यांचा सरळ हिशेब. झोयाला मी सगळ्यांत जास्त दिले तेव्हा तात्या तडक झोपायला निघून गेले. सकाळी चहाचा कप हातात घेऊन, उभ्याउभ्याच, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "तेवढे तिला द्यायलाच हवेत. तिनं बघितलान."

निसर्गचित्रासाठी आम्ही मुलांना आरे-वारेला नेलं तेव्हा तात्यांना न्यायचं असं काही ठरलं नव्हतं. गाडी शाळेच्या फाटकाशी आली आणि ते दारात उभे होते. गाडीत निम्म्या जागा रिकाम्या, पण हे जाताना आणि येताना दरवाजापाशी उभे. वळण आलं की 'सावकाश', मूल खिडकीतून डोकावलं की 'हात आत'. बिचाऱ्या ड्रायव्हरने पहिल्या चढालाच त्यांना ओळखलं आणि पत्र्यावरच्या त्यांच्या थापेवरच गाडी थांबवायला-सोडायला लागला. किनाऱ्यावर मी मुलांना समुद्र काढायला बसवलं. समुद्रासमोर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून तात्या फिरत होते, लाट आली की मागे पळत होते, गेली की पुन्हा पुढे. मी फिरून बघितलं तर सगळ्यांच्या कागदावर तात्या आणि त्यांच्यामागे एक कंटाळवाणी निळी रेघ. मी चिडले. म्हटलं, तात्या आपल्याला शाळेतही दिसतात, समुद्र दिसतो का? आणि एवढे हलतायत, तुम्हाला ते जमतायत तरी कसे?

सोहम म्हणाला, "समुद्र पण हलतोच की, बाई."

वर्षाच्या शेवटी पालकसभा होती. मुलं दहावीला जाणार, म्हणजे विषय बदलायची ती शेवटची संधी. सोहमचे वडील उठले. सज्जन माणूस, आवाज चढवणारा नव्हे. म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पोरगा चांगली चित्रं काढतो, भिंतीला लावलीयत आम्ही. पण ह्याचं पुढे काय? माझा भाऊ मुंबईला असतो, तो म्हणतो संगणकच घ्या." मागून दोन-तीन पालकांनी माना हलवल्या. मला कळलं, सोहम गेला की पाठोपाठ बाकीचे जाणार. मुख्याध्यापिका समोरच्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होत्या. मी आदल्या दिवशी सगळे मुद्दे पाठ केले होते... निरीक्षणशक्ती, एकाग्रता, कलाक्षेत्रातल्या संधी. त्यातला एकही त्या क्षणी तोंडात आला नाही.

"मी बोलू काय?" सभागृहाच्या मागच्या दारातून आवाज आला. तात्या. चौकटीला टेकून. आणि त्यांच्या शेजारी शेवटच्या खुर्चीत माई, पदर सावरून. आपला नवरा आठवड्यातून दोनदा शाळेत नक्की काय करायला जातो, हे एकदा डोळ्यांनी बघायला त्या आल्या होत्या.

"मी पालक नाय," तात्या म्हणाले. "मास्तरपण नाय. मी ता हाय, ज्याची चित्रं काढतात." लोक वळून बघायला लागले. "मी जन्मभर तिकिटं फाडली. एवढी माणसा चढली, उतरली. मी कुणाचा तोंड बघितला नाय. हात बघायचा, कुठं विचारायचा, तिकीट फाडायचा, पुढं. आणि माझा तोंडपण कुणी बघितला नाय. कंडक्टरचा तोंड कोण बघतो? ही पोरा पाऊण पाऊण तास माझ्याकडं बघत बसतात. एवढा तर माझ्या बायकोनंपण मला कधी बघितलान नाय."

"बघण्यासारखं काय होतं?" माई म्हणाल्या.

त्यांना ते हळू बोलायचं होतं. पण सभागृहाला घुमण्याची सवय आहे. हशा पिकला, मुख्याध्यापिकासुद्धा हसल्या. तात्या मात्र हसले नाहीत. ते सोहमच्या वडिलांकडे बघत होते.

"तुमच्या सोहमला विचारा, माझा कान कसा हाय. तो सांगल. आता त्याला विचारा, तुमचा कसा हाय."

सोहमचे वडील जरा गोंधळले. मग शेजारी बसलेल्या मुलाकडे न बघताच म्हणाले, "सांग रे."

सोहम खाली बघत होता. "उजवा वरून जरासा दुमडलाय," तो म्हणाला. "डाव्याच्या मागे तीळ आहे. तुम्ही बागेत खाली वाकता तेव्हा दिसतो."

त्यांचा हात आपोआप डाव्या कानामागे गेला. तिथे तीळ आहे हे त्यांना माहीत नव्हतं, असं मला तरी दिसलं. "बरं," ते म्हणाले आणि खाली बसले. थोड्या वेळाने बसल्या जागेवरूनच म्हणाले, "चालू दे मग."

दोघं जण तरीही संगणकाकडे गेली. तिथला पंखाही एव्हाना सुरू झाला होता. पण सात राहिली आणि विषय राहिला. घरी जाताना रिक्षात माई म्हणाल्या, "बायकोनं बघितलं नाही म्हणे. मी बघायला लागले की हे उठून दारात." तात्या रिक्षाच्या बाहेर बघत होते आणि कानापर्यंत लाल झाले होते.

दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी कप बशीवर वाजायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वय झालं म्हणाले. वर्गात तात्या तो हात मांडीखाली दाबून बसायचे, पण मग खांदा हलायचा. खांदा आवळला की मान. आणि एका मंगळवारी ते आलेच नाहीत. म्हणाले, गुडघा दुखतोय. शुक्रवारी गॅसवाला येणार होता. पुढच्या मंगळवारी तर, घरी कुणीतरी हवं, एवढंच म्हणाले, आणि माई तर घरीच होत्या. मी समजले. विचारायचं धाडस मला झालं नाही.

ते मुलांना झालं. एका रविवारी दुपारी झोया आणि सोहम थेट घरी आले. मी चहा टाकायला आत गेले, पण कान बाहेर. झोयाने नेहमीच्या पद्धतीने, वळसा न घेता, विचारलं, "आजोबा, तुम्ही का येत नाही?"

तात्यांनी हात पुढे केला. "ह्या बघ. आता तुमच्या बाईनं किती पण ओरडलान, तरी ह्या थांबणार नाय."

झोया हाताकडे बघत राहिली. ती वस्तूकडे बघते तशी. मग म्हणाली, "पण तुम्ही आधी तरी कुठे थांबत होता?"

स्वयंपाकघरात माझ्याआधी माई हसल्या. आणि मग बाहेरून तात्यांचं ते खोकल्यासारखं हसू आलं, जे कितीतरी दिवसांत घरात ऐकू आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी तात्यांसाठी वर्गाचा धडाच बदलला. म्हटलं, आज शीघ्ररेखाटन. नाक-डोळे नकोत, सावल्या नकोत, समोरच्या माणसाची नुसती हालचाल पकडायची. तात्यांनी संशयाने विचारलं, "म्हणजे हलायचा?"

"हलायचं. तुम्हाला हवं तितकं."

त्यांना खरं वाटेना. मग त्यांनी मुलांकडून बाकं सरकवून घेतली. दोन बाजूंना दोन रांगा, मधे वाट. मुलं प्रवासी झाली, आणि तात्या माझ्या डोळ्यांसमोर कंडक्टर झाले. मी त्यांना नोकरीत कधी बघितलंच नव्हतं. घाटातलं वळण आलं की पूर्ण अंग एका बाजूला, गुडघ्यात वाकून, एक हात वर नसलेल्या दांडीला. गर्दीतून कडेने सरकणं, 'पुढं चला, पुढं मोकळी हाय,' वाकून म्हातारीचं गाठोडं उचलून कडेला करणं, आणि थरथरत्या हाताने सटासट तिकिटं फाडणं. त्या धावत्या गाडीत तो हात कुणाला वेगळा दिसणार? अख्खा माणूसच हलत होता. मुलं हसत होती आणि काढत होती, कागदामागून कागद. ती चित्रं मी अजून बघते. चार-सहा रेघा असतील एकेकात. पण त्या गाडीत बसावंसं वाटतं. मुख्याध्यापिकांनी ती शाळेच्या व्हरांड्यात लावायला सांगितली, आणि तात्यांनी स्टँडवरच्या मित्रांना गटागटाने आणून ती दाखवली. एकाने विचारलं, "पण ह्यात तू कुठला रे?" तात्या म्हणाले, "सगळाच."

त्यानंतर पाऊस सरला आणि ऑक्टोबरच्या त्या दुपारी, जेवण झाल्यावर, तात्या पडवीतल्या खुर्चीत बसले. बसले, हेच माईंना विचित्र वाटलं. मग त्यांना वाटलं, शाळेची तयारी करत असतील. अधूनमधून ते तशी करायचे, माईंना घड्याळ धरायला लावून. म्हणून माई मुद्दाम बोलल्या नाहीत, त्यांना हलवायला नको म्हणून. भांडी आवरली, परत आल्या, तरी तसेच. "मी मनात म्हटलं, आज जमतंय हो ह्यांना..." माई मला नंतर म्हणाल्या, आणि ते सांगताना त्यांच्या तोंडावर कौतुक होतं. अजूनही.

अंत्ययात्रेला स्टँडवरची माणसं होती, सोहमचे वडील होते, आणि गणवेशातली सात मुलं. झोयाच्या घरून, सुतकात काय चालतं ते शेजारी विचारून घेऊन, सकाळ-संध्याकाळ तांदळाच्या भाकऱ्या येत होत्या. दिवस झाले, पाहुणे पांगले, नवरा पोफळीला गेला. दिवाळी आली तशी गेली. माई बोलेनाशा झाल्या. रडतही नव्हत्या. विचारलेल्याला हो-नाही करायच्या आणि उरलेला वेळ बसून असायच्या. मी शाळेतून आले की घरात टीव्हीचाही आवाज नसायचा.

शाळा पुन्हा सुरू झाली. एका रविवारी जेवताना मी नवऱ्याला सहज म्हटलं, दहावीचं व्यक्तिचित्र राहिलंय, आता कुणाला बसवावं. माई ताटाकडे बघत म्हणाल्या, "मी येते."

"आई," नवरा म्हणाला, "अजून फार दिवसही झाले नाहीत. लोक काय म्हणतील?"

"बसायलाच जातेय ना? नाचायला नाही जात."

मंगळवारी माई आल्या. फिकट लुगडं, हात मांडीवर, पाय जुळवलेले. बसल्या आणि खरोखर, पापणीसुद्धा लवेना. आयुष्यात प्रथमच माझ्या वर्गात पेन्सिलींचा आवाज ऐकू येत होता. मला इतके दिवस हवं होतं तसं मॉडेल मिळालं होतं. मी बाकांमधून फिरले. सातही कागदांवर एक म्हातारी दगडासारखी बसली होती. चित्रं बरोबर होती आणि एकातही माई नव्हत्या. झोया पेन्सिल खाली ठेवून नुसतीच बघत होती.

"आजी," ती म्हणाली, "तुम्ही खरंच फणसाच्या तिकिटावरून भांडला होता?"

माईंचे डोळे वळले. "तुला कुणी सांगितलान?"

"आजोबांनी."

"आम्हालाही सांगितलंय," सोहम म्हणाला. आणि मग निघालं, सगळ्यांनाच माहीत होतं. देवरूखच्या गाडीत ही मुलगी, म्हणजे तेव्हाच्या माई, वडिलांबरोबर मांडीवर फणस घेऊन बसली होती. कंडक्टरने फणसाचं वेगळं तिकीट मागितलं, तर म्हणाली, मांडीवरच्या मुलाला तिकीट नसतं, मग मांडीवरच्या फणसाला कसं? कंडक्टरने तिकीट सोडून दिलं, आणि महिन्याभरात स्थळ घेऊन हजर झाला. माई एकट्या असल्या की ओट्यापाशी गातात आणि कुणी आलं की थांबतात, हेही त्यांना माहीत होतं. कोलीम, ती इवलीशी सुकी मासळी, खाल्ल्यावर त्यांना उचकी लागते, हेही. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. मी 'तात्या, बोलू नका' म्हणून वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जायचे, तेवढ्यात हा माणूस मुलांपाशी आपल्या बायकोबद्दल बोलून घ्यायचा.

"तिकीट सोडलं म्हणाले?" माई खुर्चीत पुढे सरकल्या. "सोडलं?"

"हो. म्हणाले, त्या दिवशी प्रथमच मी कुणाला तरी तसं सोडलं."

"खोटं! पुरं तिकीट लावलान मेल्यानं!"

शब्द तोंडातून गेला आणि माई थांबल्या. वर्गही थांबला. त्यांनी पदर तोंडाला लावला... आणि पदराआडून हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग अख्ख्या माई. "तेव्हा कुठे हे माझे होते?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तेव्हा नुसता कंडक्टर होता! बाबांनी हळूच पैसे काढून दिले, मी देवरूख येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले. आणि हे सारखे मागे-पुढे, मागे-पुढे. तिकीट दिलेल्या माणसांना पुन्हा तिकीट विचारत होते. मला काय दिसत नव्हतं? काचेत दिसत होतं सगळं." फणस केवढा होता ते दाखवायला त्यांचे दोन्ही हात वर गेले, मग तो मांडीवर कसा धरला होता ते दाखवायला खाली आले, मग कंडक्टर कसा वाकला ते दाखवायला त्या अर्ध्या उठल्या. माझ्या तोंडाशी आलं होतं, माई, हलू... पण मी बोलले नाही. खाली सात डोकी कागदात घुसली होती.

तास संपल्यावर माई चष्मा पुसत झोयाच्या बाकापाशी गेल्या. मीही मागे उभी राहिले. कागदावर तोंडभर हसणाऱ्या माई होत्या, आणि त्यांच्या दोन्ही हातांत, वर्गात नसलेला, भलाथोरला काटेरी फणस.

माईंनी चित्र हातात घेऊन खिडकीपाशी नेलं, उजेडात धरून बराच वेळ बघितलं.

"एवढा मोठा नव्हता गो," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी येते, तेव्हा नीट दाखवते."